झोपलेली कनेक्शनं

२ फेब्रुवारी, सोमवार

आज परत तेच. व्यंकटेशनं सॉफ्टवेअरच्या टेस्ट लावल्या आणि निम्म्या लाल, म्हणजे फसलेल्या. एरर नेहमीचाच, डेटाबेसची कनेक्शन्स संपली. मग नेहमीचा सोहळा. व्यंकटेश खुर्चीवरून उठून ओरडला, "सोडा रे सगळे!" सगळ्यांनी आपापल्या डेटाबेसच्या खिडक्या बंद केल्या आणि हाताची घडी घालून बसले. आणि मी फोन घेतला.

फोन माझ्याकडे का, तर सर म्हणतात, "सुजाता, तुझा आवाज चांगला आहे." इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, आईसाठी सोलापूरला परत आले, आणि इथं काम काय, तर मंगळवेढ्याच्या आणि माळशिरसच्या लॅबला फोन करून सांगायचं, "चहा घ्या." म्हणजे कीबोर्डला हात लावू नका, आमच्या टेस्ट चालल्यात. लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट आमच्या सॉफ्टवेअरवर भरतात. त्यांचे खरे रिपोर्ट आणि आमच्या टेस्ट, दोन्हींना सर्व्हर एकच. टेस्टसाठी वेगळा घेऊ म्हणून सर गेल्या दिवाळीपासून सांगतायत.

लॅबवाल्यांना आता पाठ झालंय. मंगळवेढ्याची कविताताई फोन उचलल्या उचलल्या विचारते, "घेऊ का चा, म्याडम?" माळशिरसचा सचिन "हो हो" म्हणतो आणि टायपिंग चालूच ठेवतो. मागून खटखट ऐकू येते.

बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील. हे सॉफ्टवेअर आम्ही विकतो.

४ फेब्रु., बुध.

कारण सापडलं. इतकं साधं की राग आला. प्रत्येक टेस्ट सुरू होताना डेटाबेसशी कनेक्शन उघडते, संपली की बंद करते. बंद करणारी ओळ व्यंकटेशनं (इथून पुढे व्यं., हात दुखतो) लिहिलेली आहे. पण टेस्ट मध्येच फसली तर कोड त्या ओळीपर्यंत पोचतच नाही. फसलेली टेस्ट कनेक्शन धरून बसते. तिच्यामुळे पुढच्यांना कनेक्शन मिळत नाही, त्याही फसतात, त्याही धरून बसतात. आणि आम्ही ओरडतोय "सोडा रे."

सरांना सांगायला गेले. मल्लिनाथसर माणूस वाईट नाही, ऐकून घेतात. ऐकून घेणं हाच त्यांचा धंदा आहे.

"सर, नळाला पाणी आलं की सगळ्यांनी तोटी चालू ठेवून लग्नाला जायचं, तसं चाललंय."

"मग टाकी मोठी करू की. कनेक्शन्स वाढवू."

"दोनदा केली सर. तोटी बंद करायची गरज आहे."

"हां. पण टाकी अजून मोठी केली तर?"

घरी आले तर खरंच पाणी आलेलं. आई सगळी भांडी भरून बसली होती. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या सरांच्या घरी बोअर असंल."

५ फेब्रु., गुरु.

कोडच्या माझ्या कॉपीत बदल केला. टेस्ट पास होवो, फसो, मध्येच मरो, कनेक्शन परत द्यायचंच. आणि प्रत्येक टेस्टनं नवं उघडायचं नाही, थोडीच उघडून ठेवायची, त्यातलं एक घ्यायचं, काम झालं की जागेवर ठेवायचं. विहिरीवरच्या पोहऱ्यासारखं.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी कुणाला न सांगता सगळ्या टेस्ट लावल्या. आरोळी नाही, फोन नाही. सगळ्यांच्या खिडक्या उघड्या, दोन्ही लॅब चालू. सगळं हिरवं. कुणाला पत्ता नाही.

डबा खाताना एकटीच हसत होते. शेंगाचटणी घशाशी गेली. आज बरं वाटलं, लिहून ठेवते. असे दिवस इथं फार येत नाहीत.

६ फेब्रु., शुक्र.

व्यं.ला दाखवलं. चुकलंच. आधी सरांना दाखवायला हवं होतं, म्हणजे निदान एकाचाच अपमान झाला असता.

त्यानं कोड वरून खाली वाचला. मग म्हणाला, "म्हणजे मी लिहिलेलं चूक व्हतं म्हण की सरळ."

"चूक नाही रे. एक गोष्ट राहिली होती."

"तीन वर्षं चाललंय ते. चालू दे की. लई पुणेरी शहाणपण नको."

पुणेरी! माझा जन्म सिव्हिल हॉस्पिटलचा. आई तिथंच आया होती. याच्या घरापासून माझं घर चालत जाण्याएवढंच लांब. पण पुण्याला जाऊन आलेली बाई काही दुरुस्त करायला लागली की ती पुणेरी. आणि मागे काय बोलतात तेही मला ऐकू येतं. "ह्यांना जागा मिळतात, मग शिकवायला येतात." मी या ऑफिसात जागेवर आलेले नाही, मुलाखत देऊन आले. सरांचा स्वतःचा चुलतभाऊ मुलाखत न देता आलाय. त्याला कुणी काही म्हणत नाही.

९ फेब्रु., सोम.

मीटिंग. माझा बदल आत घ्यायचा का. सर म्हणाले, "चांगलं आहे. डेमो झाल्यावर घेऊ." शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलला डेमो आहे सतरा तारखेला. ते मिळालं तर आमचे दिवस पालटणार म्हणे. तोपर्यंत मुळाला हात लावायचा नाही.

मी म्हणाले, "सर, डेमोच्या आधी टेस्ट जास्त लागणार. म्हणजे लॅब जास्त वेळा बंद."

"तू फोन करतेस ना. मग काय अडचण आहे?"

व्यं. खिडकीबाहेर बघत होता. आवडलं असावं.

११ फेब्रु., बुध.

चार वेळा चहा झाला आज. शेवटच्या फोनवर कविताताई बोलत बसली. तिला काम नाही, मला काम नाही, टेस्ट चालू.

फोनवरचीच ओळख आमची, चेहरा पाहिलेला नाही. लग्नानंतर लॅबचा कोर्स केला तिनं, सोलापूरला एसटीनं जाऊन येऊन. नवरा टेंपो चालवतो, कधी असतो कधी नसतो. मुलगी दहावीला. लॅबमध्ये ती पहिल्यापासून हंगामी. लॅबच्या डॉक्टरांनी सांगितलंय, एप्रिलपासून कायम करतो.

"कायम झालं का, मग कुणी उद्या येऊ नको म्हणणार न्हाय, म्याडम. रोज सकाळी डाक्टरचं तोंड बघून अंदाज घ्यायचा, त्ये तरी थांबंल."

मी म्हणाले, तुमचं काम चोख आहे, करतीलच.

"काम चोख हाय म्हणूनच तर हंगामी ठेवलंय इतकी वर्षं. न्हायतर कवाच काढलं असतं." आणि हसली.

१३ फेब्रु., शुक्र.

व्यं.चा तोडगा आला. तोडगाच म्हणायचं. एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम. टेस्ट सुरू होण्याआधी डेटाबेसवर जी कनेक्शन्स झोपलेली असतील, म्हणजे काही वेळ काहीच करत नसतील, ती सगळी तोडून टाकायची. जागा मोकळी. ओरडायला नको.

सगळ्यांनी वाहवा केली. सर म्हणाले, "बघ सुजाता, मुळाला हात न लावता."

विचारलं, "झोपलेली म्हणजे कुणाची? आपल्या टेस्टची आणि लॅबची वेगळी ओळखता येतात?"

"जे काय करंना ते झोपलेलं. सोपं हाय की."

"व्यंकटेश, मी फोन करून लॅबला सांगते की काही करू नका. म्हणजे आपणच त्यांना झोपवतो आणि आपणच तोडतो?"

"मग सांग त्यांना, सेव्ह करून चा घ्या."

सेव्ह होतच नाही! बॅचमधल्या सगळ्या पेशंटचे सगळे रकाने भरल्याशिवाय सेव्हचं बटण उजळत नाही. हा दोषही मीच लिहून दिला होता, दिवाळीच्याही आधी. मशिनमधून आकडे येतात ते आधी सगळ्यांची साखर, मग सगळ्यांचं क्रिएटिनिन, असे. त्यामुळे कविताताई सकाळची आख्खी बॅच उघडून ठेवते आणि दुपारपर्यंत भरत जाते. मध्ये कनेक्शन तुटलं की सगळी बॅच गेली. हे सगळं बोलले, सगळ्यांसमोर. गप्प बसले नाही, हे इथं लिहून ठेवते.

सर म्हणाले, "अगं, डेमोपर्यंत चारच दिवस. फोन नीट कर म्हणजे झालं."

१६ फेब्रु., सोम.

राग गेलेला नाही, तरी लिहिते.

दुपारी बारा-साडेबाराची वेळ. व्यं. म्हणाला, लावतोय. मी मंगळवेढ्याला फोन केला. म्हणाले, "कविताताई, सेव्ह करून घ्या आधी, मग चहा."

"अर्धंच भरलंय म्याडम. सेव्ह हुईना. ठिवू का तसंच?"

मी फोनवर हात ठेवून म्हणाले, "सर, मंगळवेढ्याची बॅच अर्धी आहे. दहा मिनिटं थांबा."

सर आपल्या केबिनच्या दारात उभे. घड्याळ बघितलं. "फोन झाला ना? मग लाव रे."

व्यं.नं माझ्याकडे बघितलं. बघितलं, हे नक्की. आणि लावलं.

माळशिरसचा सचिन नेहमीप्रमाणे खटखट करत होता. त्याचं कनेक्शन जागं, त्याला धक्काही लागला नाही. कविताताई हात बाजूला घेऊन बसली होती. सांगितलं तसं. तिचं तुटलं.

लगेच तिचा फोन. "म्याडम, समदं पुसलं. सकाळपास्नंचं. खिडकीत माणसं उभी हायती वो, आता काय करू?"

म्हणाले, मशिनच्या चिठ्ठ्या असतील ना, त्यावरून परत भरा. मागे माणसं ओरडत होती. कुणीतरी म्हणत होतं, आमची गाडी जाईल.

टेस्ट सगळ्या हिरव्या. व्यं.नं टाळी मागितली सगळ्यांकडे. माझ्यापर्यंत आला नाही.

१७ फेब्रु., मंगळ.

डेमो छान झाला. सरांनी सगळ्यांना भजी मागवली. मी खाल्ली. भूक लागली होती.

२० फेब्रु., शुक्र.

जे व्हायचं ते झालं.

मंगळवेढ्याहून डॉक्टरांचा फोन सरांना. सोमवारच्या बॅचमध्ये दोन पेशंटचे आकडे एकमेकांच्या नावावर गेलेत. दोघांचं आडनाव एकच. एक तरणाताठा ट्रॅक्टरवाला. त्याच्या रिपोर्टवर किडनी गेल्यासारखे आकडे. घरच्यांनी रडारड करून त्याला जीपमध्ये घालून सोलापूरला आणलं, इथं परत तपासलं तर ठणठणीत. मग शोधाशोध. ज्याची किडनी खरंच बिघडलीय तो म्हातारा घरी. रिपोर्ट चांगला आला म्हणून गुडघ्याच्या गोळ्या खात बसलेला. आता त्याला ॲडमिट केलंय. वेळेत सापडला म्हणतात. किती वेळेत, ते कुणी सांगत नाही.

ट्रॅक्टरवाल्याचे भाऊ लॅबवर गेले. काच फोडली. कविताताई आत होती.

सरांनी फोन ठेवला आणि पहिलं वाक्य काय, तर "डेमोवाल्यांच्या कानावर जाता कामा नये."

२१ फेब्रु., शनि.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. डॉक्टरांना मेल पाठवायचा आहे. आमच्या बाजूनं तपासणी केली, सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला नाही, डेटा भरताना चूक झालेली दिसते. "तू लिही. तुझं मराठी चांगलं आहे."

आधी आवाज चांगला, आता मराठी चांगलं.

म्हणाले, "सर, बॅच आपण तोडली."

"तोडली. आकडे आपण भरले का?"

"तिनं घाईत परत भरले, कारण आपण..."

"सुजाता. आकडे कुणी भरले?"

उत्तर एकच होतं. तिनंच भरले. हेच तर चीड आणणारं आहे. या वाक्यात खोटं काहीच नाही.

मी लिहिणार नाही म्हणाले. व्यं.नं लिहिला. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, सरांनी मला तपासायला दिला. तपासला नाही. तसाच गेला.

२३ फेब्रु., सोम.

कविताताईचा फोन, दुसऱ्याच नंबरवरून. डॉक्टरांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, मला बोलता आलं असतं.

"मी चुकले म्याडम, नाव बघायला पायजे हुतं. न्हाय म्हणत न्हाय मी. पर तुमीच म्हणला नव्हता का, हात लावू नका? मी लावला न्हाय. मग पुसलं कसं? तेवढं फकस्त डाक्टरास्नी सांगा की. त्यास्नी वाटतंय, मी फोनवर बोलत बसले हुते आन् बॅच घालवली."

म्हणाले, सांगते.

"तुमी सांगितलं तर ऐकतील. तुमी हापिसच्या."

२४ फेब्रु., मंगळ.

व्यं.ला चहाच्या गाड्यावर गाठलं. वाटलं होतं भांडण होईल. झालं नाही.

"मला कळतंय गं. तू काय मला खुळा समजतीस का? त्या दिवशी तू थांबा म्हणलीस ते ऐकलं की मी."

"मग?"

"मग काय. सर दारात हुते."

वडिलांचे माग बंद पडले, भाऊ सुरतला गेला तो तिकडचाच झाला, घर याच्यावर. हे सगळं मला माहीत आहे, त्याच्या आईनं केलेल्या पुरणपोळ्या मी खाल्ल्यात. तो म्हणाला, "डाक्टरनं आपलं काम बंद केलं तर सर कुणाला काढणार? मला न्हायतर तुला. तू बोल, मी अडवत न्हाय. पण मी हो म्हणणार न्हाय, आधीच सांगतो."

इतकं सरळ बोलला की शिव्याही देता आल्या नाहीत. चहाचे पैसे त्यानंच दिले.

२६ फेब्रु., गुरु.

आज गंमत. माझा बदल आत घेतला. कनेक्शन परत देणारा, पाच तारखेचा. स्क्रिप्ट काढून टाकली. बदलावर नाव व्यं.चं. सरांनीच तसं टाकायला लावलं म्हणे, "मूळ कोडचं काम त्याच्याकडे आहे, गोंधळ नको."

मीटिंगमध्ये सर म्हणाले, "कनेक्शनचा प्रॉब्लेम व्यंकटेशनं कायमचा सोडवला आहे." टाळ्या. व्यं. मान खाली घालून बसलेला. मी पण टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, सगळे बघायला लागले.

टेस्ट दिवसातून कितीही वेळा लागतात आता. कुणी ओरडत नाही, फोन करावा लागत नाही. लॅबना कळतही नाही. तीन आठवडे आधी हे झालं असतं तर... जाऊ दे. हे वाक्य रोज मनात येतंय आणि रोज अर्धंच राहतंय.

२८ फेब्रु., शनि.

रजा टाकली. सकाळच्या एसटीनं मंगळवेढा. दोन्ही बाजूला ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. ऊन आत्ताच एप्रिलचं.

कविताताईचं घर स्टँडच्या मागं. फोनवर मोठी वाटायची, आहे माझ्याच वयाची. कदाचित लहान. मुलगी पाठ फिरवून पाठांतर करत होती, बारीक आवाजात, अजिबात न थांबता. परीक्षा चालू आहे. मला वाटलं होतं बोलायला खूप असेल. दोघीही अवघडून बसलो.

"आवाजावरनं तुमी गोऱ्या वाटत हुता," म्हणाली. मग दोघी हसलो, तेवढंच.

ती एकच गोष्ट परत परत सांगत होती. डॉक्टर मनानं चांगले आहेत. त्यांना कुणी खरं सांगितलेलं नाही म्हणून झालंय. खरं कळलं की परत घेतील. एप्रिलला कायम करणारच होते. मी मान हलवत होते. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. इतक्या लांब मी त्याचसाठी आले होते.

निघताना तिनं कागदात गुंडाळून भाजून वाळवलेला हुरडा दिला, गेल्या महिन्यातला राखून ठेवलेला. म्हणाली, "डाक्टर एक वाजता जेवून मोकळं हुत्यात. तवा जावा. जेवायच्या आदी न्हाय, चिडलेलं असत्यात."

२८ फेब्रु., परतीच्या एसटीत

आठवतंय तोवर लिहिते. अक्षर हलतंय.

डॉक्टरांनी बसायला सांगितलं. काच नवी बसवलेली, पुट्टीचा वास येत होता. मी सगळं सांगितलं. ‘चहा घ्या’पासून. स्क्रिप्ट काय करत होती, कुणाची कनेक्शन्स तोडली, सेव्ह का होत नव्हतं, मी थांबा म्हणाले होते, कविताताई सांगितलं तेवढंच करत होती. हेही सांगितलं की मी तिथं नोकरी करते आणि हे सांगितल्यावर कदाचित करणार नाही.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी चष्मा काढून पुसला.

"मला माहीत आहे हे."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मल्लिनाथनं मला बॅच तुटली त्याच रात्री फोनवर सांगितलं. आम्ही कॉलेजपासूनचे मित्र आहोत. मेल नंतर आला, तो फाईलला लावायला."

"मग कविताताईला..."

"हे बघा. ते भाऊ इथं काच फोडून उभे होते. त्यांना मी काय सांगू? सर्व्हरचं कनेक्शन तुटलं? सर्व्हर त्यांना कुठून दाखवू? त्यांना विचारायचं होतं, कुणी केलं. मी एक नाव दिलं, तेव्हा ते गेले. नाहीतर लॅबच जाळली असती."

"पण ती चुकीची..."

"चूक तिच्या हातून झाली नाही का?"

परत तेच. आकडे कुणी भरले?

उठताना डॉक्टर म्हणाले, "चांगली मुलगी आहे. मलाही वाईट वाटतं. तुमच्याकडे काही असेल तर बघा ना तिच्यासाठी. डेटा एंट्रीचं वगैरे." मनापासून म्हणाले. खोटं बोलत असते तर सोपं गेलं असतं.

स्टँडवर तिच्या घराच्या गल्लीसमोरून आले. वळले नाही. गाडी लागली होती.

२ मार्च, सोम.

सरांना कळलंय. डॉक्टरांनी कळवलं असणार. केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. वाटलं, संपलं. आईला कसं सांगायचं ते मनात जुळवायला लागले होते.

सर म्हणाले, "रागावलो नाही मी. उलट तुला माणसांची कळकळ आहे, हे बरंच आहे." मग सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळालंय. सही झाली. टेस्टिंगचा वेगळा विभाग करायचाय, वेगळा सर्व्हर, दोन माणसं हाताखाली. मी प्रमुख. "तुला हवं तसं कर. सगळं नीट कर एकदाचं."

जे मागत होते ते सगळं. एका वाक्यात.

विचार करून सांगते म्हणाले. नाही म्हणाले नाही. फेकून मारावं असं काही टेबलावर होतं का, ते बघत होते, पण नाही म्हणाले नाही.

आई म्हणते, "घे. तू सोडलंस म्हणून तिला कोण परत घेणार हाय?" आईनं आख्खं आयुष्य वॉर्डात काढलं. कुठल्या चुकीला कुणाचं नाव लागतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती असं म्हणते याचाच त्रास होतो.

३ मार्च, मंगळ.

सरांना अजून उत्तर दिलेलं नाही. ते विचारतही नाहीत. त्यांनी दोन माणसांच्या मुलाखती लावल्यात, माझ्या केबिनसाठी फळी मारायला सुतार आलाय.

कविताताईचे शनिवारपासून मेसेज. पहिला, "पोचलात का म्याडम." दुसरा, "बोलणं झालं का." मी लिहिलं, झालं. पुढचं काही लिहिलं नाही. काय लिहू? तिचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर आहे, की डॉक्टरांना खरं माहीत नाही.

आज सकाळी परत आला. "डाक्टरास्नी नीट समजलं ना म्याडम? मशिनचं बोलणं लवकर ध्यानात येत न्हाय त्यांच्या. न्हायतर अजून एकदा येऊन सांगता का? एसटीचं मी देते."

मी लिहिलं, "समजलं त्यांना." पाठवायचं बटण दाबलेलं नाही. सुतार विचारतोय, दार कुठल्या बाजूला ठेवू.